खरबुजाच्या वाफ्यात सोडलेलं पाणी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुधा तुला लिहायचं धाडस होतंय.

त्या उन्हाळ्यात मी माहेरपणाला आले होते. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारी शाळेत चार इयत्ता शिकलेली, नवी नवरी, स्वतःला मोठी शहाणी समजणारी. तू आजारी मावशीकडे बीबी गावाला निघालीस आणि बजावलंस, "खरबुजाले पाणी देऊ नको. शेवटचे आठ दिवस वेलाले तहानलेलं ठेवा लागते, मंगच तो सारा गोडवा फळात ओतते." मी मान डोलावली. पण दुपारी माना टाकलेली पानं बघवेनात. वाटलं, मायला काय कळतं! मीच बैल जुंपले, मोट चालवली, वाफे तुडुंब भरले. दोन दिवसांत फळं अशी टरारली की मी माझ्यावरच खूश.

तू बीबीहून परस्पर डोणगावच्या बाजारात आलीस. गाडी मी भरून आणली होती. तुझं खरबूज कुणी हुंगून, पारखून घेत नसे, एवढा तुझ्यावर विश्वास. पहिलं फळ कापून तू सगळ्यांना फोडी द्यायचीस, बस्स. एका म्हातारीनं फोडीचा घास घेतला आणि उरलेली हळूच पानावर ठेवली. "माय वं, औंदा नुसतं पाणीच कापून देऊन राह्यली काय?" तू चाखलंस. माझ्याकडे वळलीस. "काऊन वं, पाणी कोनं देल्लं?"

मी म्हणाले, "शेजारच्या काकूचा पाट फुटला व्हता. तिकडून शिरलं."

तू एकही फळ विकलं नाहीस. सगळी गाडी बैलांपुढं रिकामी केलीस. मग गावी परतल्यावर शेजारच्या मळ्यातल्या त्या काकूला, जिच्यासोबत तू रोज बांधावर भाकर खायचीस, नाही नाही ते बोललीस. "माहा पाट कोरडा हाय वं, येऊन पाहून घे," ती रडत म्हणत होती. तू पाहायला गेली नाहीस, कारण लेक खोटं कशाला बोलेल? मी तिथंच उभी होते, माय. त्यानंतर तू तिच्याशी कधी बोलली नाहीस. तुझ्या मयतीला ती आली, लांब लिंबाखाली उभी राहिली आणि तशीच परत गेली. आजही ते आठवलं की मला माझीच किळस येते.

पाट फुटला नव्हता. पाणी मी दिलं होतं.

हा कागद कुठं पाठवू? खरं तर हे काकूला सांगायला हवं. ती अजून आहे, पार थकलेली. गेल्या आठवड्यात सांगायचंच म्हणून तिच्या दारात गेले. "काऊन आली वं बाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सहजच." तिनं खरबूज कापून फोड हातावर ठेवली. फार गोड होती. मी ती खाल्ली आणि घरी आले.