एक माप मोठे बूट

सासूबाई,

तिलेकशी काडीमोड झाला, तरी तुम्हाला दुसरं काही म्हणवत नाही. आज नारीन शहराच्या बाजारात बूट घेतले, रबरी तळाचे, आत मेंढीची लोकर. बाजारवाली म्हणाली, "अगदी मापात बसलेत की!" मी तुमच्यासारखीच खेकसले, "एक माप मोठे काढ, बाई. जाड मोज्यात बोटं हलली नाहीत तर ऊब कुठून येणार?" बर्फाच्या राड्यातून घरी आले, पाय ठणठणीत कोरडे.

पाहुणे निघाले की त्यांचे बूट तुम्ही दाराकडे वळवून ठेवायचात. मी कायमची निघाले, तेव्हा माझे मात्र घराकडे तोंड करून होते. वाटलं, रागावलात. आज उमगलं, मी पाहुणी नव्हते.

तुम्हाला वाचता येत नाही, आणि नव्या सुनेने वाचून दाखवावं असं हे पत्र नाही.

उबदार पायांची,
गुलबारा