कांचनआत्यास, फ्रायब्रेड टाको प्रकरणी

हॅमिल्टन, वायकाटो प्रांत, रविवार

तीर्थरूप कांचनआत्या हिला धैर्यशीलचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, त्यामुळे आठातली दोन अंगं कमी धर.)

मोतीबिंदू काढल्यापासून शेजारच्यांच्या गच्चीवरची वाळवणंसुद्धा स्पष्ट दिसतात म्हणालीस, म्हणून हे पत्रच लिहितोय. फोनवर तू आधी इथली हवा विचारतेस, मग साताऱ्याची सांगतेस आणि मुद्द्यावर येईपर्यंत "बरं, ठेवते" म्हणतेस. तब्येतीला जप. गोळ्या वेळेवर घे. आम्ही तिघं बरे आहोत. स्वयंपाकघराचं छत तेवढं बरं नाही, त्याचीच ही हकिगत.

आमच्या समोरच्या घरात डार्लीन नावाची बाई राहायला आली आहे. इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. मूळची अमेरिकेतली, नावाहो, म्हणजे गोरे तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांतली. मागच्या आठवड्यात गल्लीतल्या बार्बेक्यूला ती आजीच्या आठवणी सांगत होती. आजी म्हणे फ्रायब्रेड तळायची, हातभर रुंद, टम्म फुगलेला, आणि त्यावर घेवड्याची उसळ, खिमा, चीज, चिरलेला टोमॅटो घालून टाको करायची. सांगताना तिचा आवाज जरा ओला झाला होता. आणि नेमका तिथे मी बोललो. "अहो, हा तर आमचा भटुरा! शनिवारी या, करून घालतो." (भटुरा पंजाबचा, आणि मी आयुष्यात पापडापलीकडे काही तळलेलं नाही. पण परदेशात माणूस अख्खा देश खिशात घालून हिंडतो.) डार्लीन फक्त "असं?" म्हणाली आणि प्लेटमधल्या सॉसेजकडे बघत राहिली.

घरी येऊन दार लावल्यावर संपदा बोलली. तिचं म्हणणं, कुणी आजीची आठवण काढली की ती ऐकायची असते, आपला पदार्थ काढून तिच्यावर ठेवायचा नसतो. आणि आता तळायचंही मीच, ती पळी उचलणार नाही. मला वाईट वाटलं. डार्लीन इथे एकटी असते. माणसं जोडायला आली होती आणि मी तिची आजीच पंजाबला धाडली.

तर शनिवार. मैदा, मीठ, बेकिंग पावडर, कोमट पाणी. चार वस्तूंत माणूस चुकून चुकून किती चुकेल? आत्या, भरपूर चुकतो. इथे दुकानात एक पीठ मिळतं, त्यात बेकिंग पावडर आधीच घातलेली असते. मी तेच आणलं आणि वर आणखी दोन मोठे चमचे पावडर घातली. पहिला घाणा फुगला मात्र असा की मी फोटो काढला. चव साबणाची. मग साधा मैदा काढला आणि तू पोळ्यांची कणीक तिंबतेस तसा घाम येईपर्यंत तिंबला. तो घाणा स्वानंदीने टेबलावर आपटून पाहिला. (तुझ्या नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.) "स्वीट ॲज, बाबा. फ्रिस्बी!" म्हणाली (म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत झकास) आणि तो घेऊन बागेत गेली. टिकला चांगला.

तिसऱ्या घाण्याच्या वेळी कढईने दगा दिला. आमची शेगडी काचेची सपाट, कढईचं बूड तू दिलेलं गोल. ती डुलत होती. एका हाताने कढई धरून दुसऱ्या हाताने मी पीठ थापत होतो, तेवढ्यात तेल धुरकटलं आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. मी शेगडी बंद करून स्टुलावर चढलो आणि टॉवेल फिरवू लागलो. दार उघडून संपदा बाजूला झाली. दारात डार्लीन, ठेवणीतला फिरोजा खड्यांचा हार घालून. तिच्या मागे शेजारचा माटिउ, इथल्या मूळ लोकांतला, मला नुसतं 'धीर' म्हणणारा, पायांत जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, हातात त्याच्या बागेतून थेट ओढत आणलेला पाण्याचा पाइप.

आग नाही म्हटल्यावर माटिउ जरा हिरमुसला. मग त्याने ओट्यावरचे गोळे पाहिले आणि तोंड भरून म्हणाला, "अरे, हा तर आमचा फ्रायब्रेड! माझी आई करते!"

संपदाने माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलकडे पाहिलं. आणि डार्लीन हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग हार काढून संपदाच्या हातात दिला आणि बाह्या दुमडल्या. माझा गोळा दाबून म्हणाली, "किती मळलास! याच्यावर कसला राग होता?"

तिने नवं पीठ भिजवलं, जेमतेम एकत्र होईल इतकंच, आणि झाकून ठेवलं. मग एकेक गोळा या हातातून त्या हातात थापटत मोठा केला. आवाज अगदी भाकरीचा. (हे मी मनात म्हणालो, आत्या. मोठ्याने नाही. नोंद घे.) थापटतानाच तिने सांगितलं. अमेरिकेच्या सैन्याने तिच्या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकललं, शेकडो मैल पायी चालवलं, आणि जिथे कोंडलं तिथे खायला दिलं ते परकं पीठ आणि चरबी. बायकांनी त्यातून हे केलं. "आमच्यातले काही जण म्हणूनच हे खात नाहीत. आजी करायची. म्हणायची, यावर जगलो ना."

"कधीची गोष्ट?" माटिउने विचारलं.

"अठराशे चौसष्ट."

त्याने पाइप खाली ठेवला. "त्याच सुमाराला इथे वायकाटोत गोऱ्यांनी आमची जमीन काढून घेतली. तुझं हे घर आहे ना, धीर, तेही त्याच जमिनीवर."

तो रागाने नाही म्हणाला, रस्ता सांगावा तसं म्हणाला. मी हातात झारा घेऊन उभा. आठ वर्षं मी या घराचे हप्ते, गळकं गटर आणि लॉन एवढंच बोलत आलोय. या वेळी "आमच्याकडेही" असं काही सुचलं नाही, आणि सुचलं नाही हेच बरं झालं. मी विचारलं, "वाढू का?" दोघंही म्हणाले, "वाढ की!"

मग जेवलो. टाको हातात धरला की उसळ कोपरापर्यंत जाते. माटिउने पाच खाल्ले. पहिल्या घासाला डार्लीनला आजी आठवली. संपदाने तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला. निघताना डार्लीन मला म्हणाली, पुढच्या शनिवारी तुझा भटुरा दाखव. मी म्हणालो, तो मला येत नाही. "माहीत आहे," ती म्हणाली.

आता पुरे करतो, छत पुसायचंय. मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे काही चालत असेल ते.

तुझा,
धैर्यशील

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. उसळीत तू पाठवलेला काळा मसाला होता. डार्लीनने पुन्हा पुन्हा वाढून घेतली आणि मसाला कुणाचा ते विचारलं. मी म्हणालो, माझ्या आत्याचा, डिसेंबरात येतेय ती. काका गेल्यापासून तू "तिकडे येऊन मी करू काय" म्हणतेस, ते मला ठाऊक आहे. पण तोंडातून निघून गेलं. माटिउच्या आईनेही आता तुला जेवायला बोलावलंय. तू आली नाहीस तर मी दोन राष्ट्रांपुढे खोटा पडेन. पासपोर्ट शोधून ठेव.

ता.क. २ आत्या, नमस्कार. मी संपदा. तोंडातून वगैरे काही निघालेलं नाही. तुमचं तिकीट त्याने गेल्या महिन्यातच काढलंय, तुम्हाला सांगायची छाती होत नव्हती म्हणून एवढं रामायण. मागची खोली तयार आहे. पडद्यांचा रंग तुम्हाला आवडणार नाही. आल्यावर बदलू.