दीपमालाचा बाँड

सांगली
४ जुलै १९९४

ती. आण्णा व सौ. आई यांस,
दीपमालाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी गोड बातमी. नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलं! नीलिमाताईनं लगेच चिमूटभर साखर तोंडात घातली. दाजी चेष्टा करतात, की आता घरात कुणी शिंकायची सोय राहिली नाही, ही सुई घेऊन मागं लागेल. कोर्स साडेतीन वर्षांचा आहे. राहणं-जेवण हॉस्पिटलच्या होस्टेलवर, फी नाही, वर थोडं विद्यावेतनही मिळेल.

एक काम मात्र तुमच्याकडचं आहे. मला बाँड लिहून द्यावा लागतो. कोर्स झाल्यावर दोन वर्षं याच हॉस्पिटलात नोकरी करायची, मध्येच सोडली तर दहा हजार रुपये भरायचे. सगळ्याच मुलींना हा नियम आहे. कागद इंग्रजीत आहे, सोबत पाठवते. पालकाच्या जागी सही करून उलट टपाली पाठवा. अठरा तारीख टळली तर माझी जागा पुढच्या मुलीला जाईल.

आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? तिला म्हणावं, आता घरचीच नर्स होणार आहे, थोडी कळ काढ.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.
आपली,
दीपमाला


रहिमतपूर
७ जुलै १९९४

चि. दीपमाला हिस,
आण्णांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं नाव लागल्याचं तुझ्या आईनं साऱ्या आळीला सांगितलं. पण कागद सही न करता परत पाठवतोय. राग मानू नको.

बाँड म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. आमच्या लहानपणी त्याला स्टँपाचा कागद म्हणत, आता बाँड म्हणतात, एवढाच फरक. तुझ्या केरबाकाकानं असा एक कागद करून दिला होता. आमच्या आक्काच्या लग्नासाठी उचल घेतली आणि दोन वर्षं एका बागायतदाराच्या मळ्यात राबायचं कबूल केलं. लिहिलेलं वाचता येत नव्हतं. अंगठा टेकला. आजारी पडला तर तेवढे दिवस पुढं वाढायचे, त्यामुळं दोनाची तीन वर्षं झाली. आमची आई वारली तवा मीच त्याला बोलवायला गेलो होतो. मी तवा बारकं पोर. मालकानं सांगितलं, उसाला पाणी चालू हाय, आज सोडता येणार न्हाई. आईची माती केरबाशिवाय झाली.

पुढं छप्पन साली आम्ही धम्म घेतला, तवा आमचे वडील एकच बोलले, की इथनं पुढं आपल्या घरातलं माणूस पगारावर काम करंल, बांधून घेऊन करणार न्हाई. तो शब्द मी मोडणार नाही. नर्स नाही तर शाळामास्तरीण हो. पण ये घरी.

तुझी आई दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. तिलाही समजावतोय.

आमचा जीव तुझ्यातच आहे हे विसरू नको.
आण्णा


सांगली
११ जुलै १९९४

ती. आण्णा यांस,
दीपमालाचा जयभीम. वि. वि.

कागद परत आला. पाकीट फोडलं आणि रडू आलं, खोटं कशाला लिहू?

केरबाकाकांचं हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. ते कुंडलहून आले की आम्हाला भुईमुगाच्या शेंगा देतात आणि हसतात, एवढंच मला ठाऊक. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

मग दाजींची डिक्शनरी काढली. आण्णा, बाँड या एका शब्दाला अर्धं पान आहे. कर्जरोखा, हमी, करार, बंधन, बेडी, हे तर आहेच. पण माणसामाणसातल्या मायेलाही तोच शब्द आहे आणि दोन विटा सिमेंटनं धरून राहतात त्यालाही तोच. दाजी म्हणतात, तुम्ही पोस्टातून घेतलेलं विकासपत्र हाही एक प्रकारचा बाँडच. तिथं सरकार तुम्हाला बांधील आहे, तुम्ही सरकारला नाही. मग ते कसं घेतलंत? आणि महेंद्रदादा पलटणीत भरती झाला तो काय तोंडी? पंधरा वर्षांसाठी सही करून गेला आणि तुम्ही स्टँडवर पेढे वाटलेत.

मी मालकाच्या मळ्यावर चाललेली नाही, शिकायला चालले आहे. तरी तुमची परवानगी नसेल तर पुढच्या आठवड्यात गाडीत बसेन. तुमच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही.

रागावला असाल तरी लेकीला पत्र धाडत जा.
दीपमाला


सांगली
१२ जुलै १९९४

ती. आण्णा यांस,
नीलिमाचा जयभीम.

दीपी जेवत नाही. विचारलं तर भूक नाही म्हणते. म्हणून तिच्या नकळत या चार ओळी लिहिते.

आण्णा, माझं लग्न ठरवलंत तेव्हा कुणाकडून काही लिहून घेतलं होतंत का? किती वर्षं, माहेरी कधी धाडणार, आजारी पडले तर काय, कशाचाच कागद नव्हता. माणसं चांगली निघाली हे माझं नशीब. हिच्या कागदावर निदान दोन वर्षं असं स्पष्ट लिहिलंय.

मी काल हॉस्पिटलात जाऊन मेट्रनबाईंना, म्हणजे नर्सांच्या मुख्य बाईंना, भेटून आले. त्या म्हणाल्या, वडिलांना शंका असेल तर त्यांनी खुशाल येऊन काय हवं ते विचारावं. येऊन तर बघा. मग नाही म्हणा.

उद्धट लिहिलं असेल तर पोटात घाला.
नीलिमा


सांगली
१८ जुलै १९९४

प्रिय महेंद्रदादास,
दीपमालाचा जयभीम.

दादा, झाली सही! शेवटच्या दिवशी.

सकाळी दार उघडलं तर आण्णा उभे, आणि त्यांच्या मागं कोरा फेटा बांधलेले केरबाकाका. आण्णांनी पॅसेंजरमधून किर्लोस्करवाडीला उतरून, कुंडलला जाऊन त्यांना मुद्दाम आणलं होतं. आण्णा म्हणाले, माझं डोकं चालंना, ज्यानं भोगलंय त्यालाच विचारू दे. चहासुद्धा उभ्यानंच घेतला.

हॉस्पिटलात मेट्रनबाईंनी दोघांना बसवलं आणि सगळा कागद मराठीतून वाचून दाखवला. मग काकांनी विचारायला सुरुवात केली. आवाज अगदी हळू. पगार पोरीच्या हातात देणार का दुसऱ्या कुणाच्या? बाई म्हणाल्या, तिच्याच सहीनं. आजारी पडली तर दिवस वाढवणार का? बाई म्हणाल्या, खोटं सांगत नाही, महिन्याच्या वर रजा झाली तर वाढतात, त्याच्या आत नाही. मला वाटलं, संपलं. पण काकांनी मान डोलावली. आण्णांकडं वळून म्हणाले, बाई खरं बोलती.

मग त्यांनी विचारलं, आवं बाई, घरात कुणी मेलं तर हिला सोडणार का?

दादा, मला खाली बघावं लागलं. बाई म्हणाल्या, त्याच दिवशी सोडणार, तसा नियमच आहे पुस्तकात. काका म्हणाले, पुस्तक तुमच्यापाशी ऱ्हाणार, आमच्यापाशी कागद. बाईंनी वाद घातला नाही. पेन काढलं, कागदाच्या खाली मराठीत ती ओळ लिहिली, सही केली, शिक्का मारला. एक नक्कल आण्णांच्या हातात दिली.

आण्णांनी ती नक्कल काकांपुढं धरली. काकांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, कर रं सही.

खाली साक्षीदाराची जागा होती. दाजी पुढं झाले, तर काका म्हणाले, मी करतो. मेट्रनबाईंनी शाईचं पॅड पुढं सरकवलं. काकांनी ते बाजूला सारलं. कुंडलात गेल्या वर्षी साक्षरतेचे वर्ग झाले, तिथं ते नाव लिहायला शिकलेत, हे आण्णांनाही माहीत नव्हतं! केरबा लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

बाहेर आल्यावर मी मोठ्यानं रडले आणि मग ताईकडं चार भाकरी खाल्ल्या.

सीमेवर जपून राहा. बहिणीला आठवत जा.
दीपमाला


रहिमतपूर
२२ जुलै १९९४

चि. दीपमाला हिस,
आण्णांचे व आईचे अनेक आशीर्वाद.

तू होस्टेलवर राहायला गेल्याचं नीलिमाकडून समजलं. कपडे, पांघरूण कमी पडलं तर कळव. मनाला वाटलं तर घरी ये, पण उगीच वर्ग बुडवू नको. तुझी आई आता माझ्याशी बोलती. एवढी बोलती की गप्प बसवायची पंचाईत.

तुला एक सांगायचं राहिलं. डिक्शनरीतला बाँड मला आजही पटत नाही. विटांचं आणि सिमेंटचं मला काय सांगतीस? शब्द तोच असला तरी वाचून दाखवणारं माणूस कोण, त्यावर सगळं असतं. माझी भीती खोटी नव्हती. पण ती माझी होती, तुझ्या गळ्यात घालायची नव्हती. ह्या चार दिवसांत छातीवरचा धोंडा उतरल्यागत झालंय. भाकरी गोड लागती.

येताना संध्याकाळच्या पॅसेंजरला जागा मिळाली. केरबा खिडकीपाशी बसला. भिलवडीपर्यंत लय बोलत होता. त्या मळ्यातलं, बैलांचं, तिथल्या एका म्हाताऱ्या गड्याचं, जो याला चोरून गूळ द्यायचा. एवढ्या वर्षांत त्यानं त्यातलं कधी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आता मध्येच हसत होता. मग बोलता बोलता त्याचा डोळा लागला. मान माझ्या खांद्यावर. असा गाढ झोपलेला केरबा मी लहानपणापासून बघितला नव्हता.

किर्लोस्करवाडी आली. त्याला तिथंच उतरायचं होतं. गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, शिट्टी झाली. मी त्याला उठवलंच न्हाई. म्हटलं, झोपू दे.

आता तो इथंच आहे. कुंडलला निरोप धाडलाय. तुझी आई त्याला रोज विचारती, भाऊजी, जायची घाई हाय का, आणि तो म्हणतो, न्हाई, कुणी बोलावलंय मला?

अभ्यास कर, पोटभर जेव, आणि आमच्यावर आहे तेवढा जीव असू दे.
तुझे,
आण्णा