शपथेचा मका

२ मार्च

मुटिंडा, लिहायला उशीर झाला, बापावर रागावू नकोस. जहाजावरच्या कामाला जायला मोंबासाच्या बसमध्ये चढताना तू ही वही माझ्या हातात कोंबलीस आणि म्हणालास, बाबा, घरातलं चार-चार ओळी लिहीत जा आणि भरली की कंडक्टरकडे द्या. मला वाटलं, त्यात काय. पण चौथीत शाळा सुटलेल्या माणसाने पेन्सिल धरली की अक्षराआधी घाम येतो. त्यात ती पेन्सिल हरवली. शेवटी स्योम्बुआच्या केसांत खोचलेली निघाली. म्हणाली, आजोबा, तुम्हाला लागत नव्हती म्हणून ठेवली.

घर छान बांधलंस. घायपाताच्या मळ्यावर पहारेकऱ्याच्या खोलीत माझा जन्म गेला. तिथे पाय पसरले की दार उघडायचं. इथे पडवीत माझी खाट आहे, समोर टेकडी आहे आणि सकाळचं ऊन थेट गुडघ्यांवर येतं. दोन रात्री छातीत धडधडलं नाही. एवढं पुरे.

मुएनी कामसू आहे. रीतही पाळते. ताट ठेवते, तोंड वळवते आणि मी जमिनीकडे बघत राहतो. माझा बापही तुझ्या आईशी असंच वागायचा. सुनेचा चेहरा सासऱ्याने बघायचा नसतो. मला काही सांगायचं असलं की मुएनी कोंबडीशी बोलते. काल कोंबडीला म्हणत होती, काय गं, एका घरात दोन चुली, कुणाकुणाचे लाड पुरवायचे. हे माझ्या बाजरीच्या पेजेबद्दल. मला दात नाहीत, कुटलेला मका नि चवळी चावत नाही. म्हणून मळ्यावरून येताना मी माझी बाजरी घेऊन आलो. मीही कोंबडीलाच उत्तर दिलं की दात विकत मिळाले तर आण. ती हसली, असं वाटलं.

स्योम्बुआला तुझ्या आईचं नाव आहे, म्हणून मी तिला बायको म्हणतो. ती मला विचारते, काय हो धनी, बाजारातून काय आणलंत?

७ मार्च

मक्याची काळजी लागली आहे. पाऊस यायच्या वेळी आला नाही आणि कणसं वाळत असताना आला. त्यात चोरांची भीती, म्हणून सगळ्यांनी ओलीच खुडली. आपली कणगी अंगणात, घरापासून लांब. परवा ओढ्यापलीकडच्या काटुंगेची कणगी कुणीतरी तळातून फोडली. बिचारी एकटी विधवा. सकाळी कणगीला टेकून बसली होती. मला म्हणाली, मुलवा, चोर बरा हो, झाडून नेलं, मला झाडावं लागलं नाही.

तेव्हापासून मला बसवत नाही. मी स्योम्बुआकडून मुएनीला सांगितलं की मका घरात आणा. मुएनी कोंबडीला म्हणाली, दाण्यात नख रुततंय अजून, वारा लागू दे. मी म्हणालो, वारा मका सुकवतो, चोर संपवतो. पहारेकरी मी आहे की कोंबडी?

तिने ऐकलं. सोललेला मका खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पोत्यांत भरला, तोंडं आवळून बांधली आणि तिच्याच खोलीत खाटेखाली नि भिंतीशी रचला. खिडकीला मी बाहेरून फळी ठोकली. आता बरं वाटतंय.

१० मार्च

फळीने भागेना म्हणून म्वांझिया मांत्रिकाला बोलावलं. त्याच्याकडचं शपथेचं शिंग तुला ठाऊक आहे, त्याला आपल्या टेकडीवरचं कुत्रंसुद्धा ओलांडत नाही. म्वांझियाने शिंग पोत्यांवर ठेवलं. मी दाराबाहेरूनच शब्द म्हटले. मुटिंडाच्या शब्दाविना यातला दाणा जो उंबऱ्याबाहेर नेईल, त्याचं पोट फुगो, त्याला हेच अन्न खावो. मग त्याने शिंग उंबऱ्यापाशी आणून धरलं आणि सगळ्यांनी त्यावर हात ठेवला, मी, मुएनी आणि स्योम्बुआनेही. लहान आहे म्हणून मुएनी तिला मागे ओढत होती. म्वांझिया म्हणाला, पोरीचा हात राहू दे, उंदरालाही सूट नसते.

शिंग पुन्हा पोत्यांवर ठेवून जाताना मला म्हणाला, मुलवा, आता काठी जाळ नि झोप काढ, पहाऱ्याला माझं शिंग आहे. एक कोंबडी घेऊन गेला. मुएनीची बोलायची कोंबडी होती ती.

१९ मार्च

स्योम्बुआ सांगत आली की मका जिवंत आहे. काय बडबडतेस म्हटलं. तर म्हणाली, पोत्यात हात घातला, आत गरम आहे, कुणीतरी झोपलंय. त्या खोलीत मी जाऊ शकत नाही. दारापाशी उभा राहिलो, वास आला. जुन्या ओल्या घोंगडीला येतो तसा.

मुएनी आता नव्या कोंबडीला सांगते की दाणे हिरवट झालेत, मुठीत भुकटी येते. मी म्हणालो, भुकेच्या वर्षी मका टाकणारा अजून जन्माला यायचाय. उखळात कुट, साल काढ, तीन पाण्यांनी धू आणि उकळ, मग काय शिल्लक राहतं? आपल्या आयाबाया तेच करत आल्या. कोंडा कोंबड्यांना, खरवड पोपी कुत्र्याला. काही वाया जात नाही.

२९ मार्च

कोंबड्या मेल्या. मग पोपी. तो अंगणात फिरत फिरत भिंतीवर आपटत होता, आंधळ्यासारखा. मग आडवा झाला. त्याच्या डोळ्यांची पांढरी जागा पिवळी झाली होती.

चोरांनी कुत्र्याला विष घातलं, दुसरं काय? आधी कुत्रं मारतात, मग घरात शिरतात, मळ्यावर हेच व्हायचं. मी खाट उचलून मुएनीच्या दाराशी लावली. स्योम्बुआने पोपीसाठी खड्डा करायला लावला, तिथे चवळी लावणार म्हणते.

५ एप्रिल

काटुंगे वारली. पोट फुगलं होतं, माठासारखं. तिच्या अंगणात बायका बोलायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. म्वांझिया जवळ येऊन म्हणाला, शिंग झोपत नाही, मुलवा. आता घरात विचार.

मी स्योम्बुआकडून विचारलं. एरवी मुएनीने कोंबडीला सांगितलं असतं, पण कोंबडी उरली नाही. ती भिंतीला म्हणाली, हो, दिला एक डबा. दारात बसून होती ती, तिच्यासमोर मी पोरीला कशी जेवू घालू? मग म्हणाली, ज्याला बाजरी आहे त्याने विचारू नये.

 

११ एप्रिल

थकलोय. लिहायला बसलो की हात जड होतो.

मुएनी ताट ठेवते तेव्हा मला फक्त तिचे पाय दिसतात. ते पाय सुजले आहेत. घोट्याचं हाडच दिसेना. ती मागच्या अंगणात ओकते ते ऐकू येतं. आज ती ताट ठेवताना भिंतीला धरून खाली बसली, आणि मी रीत मोडली. मान वर केली. तिचा चेहरा बघितला.

डोळे पिवळे, पपईच्या गरासारखे. पोपीच्या डोळ्यांसारखे.

तिने तोंडावर पदर ओढला नाही. एवढंच म्हणाली की बाबा, बघितलंत ना आता.

मला वाटलं, शपथेने तिला धरलं. डबा दिला, त्याची ही शिक्षा. मी म्वांझियाकडे गेलो. तो म्हणाला, उतारा आहे, पण मालकाचा शब्द हवा. मुटिंडाचा. बसच्या थांब्यावर गेलो, कंडक्टरला निरोप दिला. पोचला का तुला?

१४ एप्रिल

स्योम्बुआ सकाळी उठली नाही. मी तिची पापणी वर केली.

तिने एक दाणा बाहेर नेलेला नाही. ती उंबऱ्यात बसून जेवते, माझ्यासमोर. मी डोळ्यांत तेल घालून पहारा केलाय. तिने काय मोडलं?

१५ एप्रिल

बैलगाडीतून दोघींना मिशनच्या दवाखान्यात आणलं. खाटा कमी, माणसं खाली निजलेली. सगळ्यांचे डोळे तसेच. अख्खी टेकडी इथे आहे, असं वाटतं.

मी एकेकाला विचारलं, तुमच्या मक्यावर कुणाचं शिंग होतं? एक म्हातारी पोट धरून हसली. कुठलं शिंग घेऊन बसलास, म्हणाली, चोरांना भिऊन ओला मका खाटेखाली घातला आम्ही. तू कुठे घातलास?

नर्स पोरसवदा आहे, पण न चिडता सांगते. म्हणाली, ओल्या मक्याला बुरशी धरते, तिच्यात विष असतं, ते काळीज, म्हणजे यकृत, पोखरतं. कुटून जात नाही, धुऊन जात नाही, उकळून जात नाही. मुएनीला आता हाक ऐकू येत नाही. स्योम्बुआबद्दल म्हणाली की हिच्या पोटात तो मका पुन्हा गेला नाही तर आशा आहे. पण पोट रिकामंही ठेवू नका.

म्हणजे माझी फळी. माझी पोती. पुढे लिहवत नाही.

१८ एप्रिल

दवाखान्यात ज्याचं त्याने रांधायचं. बाजरीची पेज घेऊन रोज जातो. बायको चार घोट घेते. आज विचारलं, धनी, तुम्ही जेवलात का? जेवलो म्हटलं. खोटं नाही.

बाजरी एकीलाच पुरेल, तीही थोडे दिवस. मी घरी तोच मका शिजवून घोटतो. दुसरं काय आहे? म्हाताऱ्याचं काळीज, त्यात पोखरायला काय उरलंय.

२१ एप्रिल

बाजारात सरकारी ट्रक आलाय. खराब मका द्या, त्याच मापाने कोरडा चांगला मका घ्या. शुक्रवारी ट्रक जाणार. लोक डोक्यावर पोती घेऊन धावतायत.

आपला मका शपथेत आहे. तुझ्या शब्दाविना उंबरा ओलांडता येत नाही. म्वांझियाकडे गेलो, शिंग उचल म्हणायला. तो अंथरुणात होता. माझ्याकडे बघायला वळला आणि मीच मान खाली घातली. त्याचेही डोळे —

त्याने उठायला हात टेकला, उठता आलं नाही. म्हणाला, मालकाचा शब्द आण.

२२ एप्रिल

बस आली. तुझा निरोप नाही. कंडक्टर म्हणतो, तुझं जहाज बंदरात नाही, तू कामावर दुसरीकडे — नीट सांगेना.

बाजरीचा तळ दिसतोय.

जेवण नको वाटतं. पायात चप्पल शिरत नाही.

२३ एप्रिल

मुएनी पहाटे गेली. तुला असं वहीत कळवायचं नव्हतं. तिच्या मावसभावांनी नेलं. मी तिचा चेहरा पुन्हा बघितला. कुणी अडवलं नाही.

स्योम्बुआला सांगितलं नाही. ती सगळ्यांना विचारते आहे, आई कुठे.

शुक्रवार

ट्रक दुपारपर्यंत आहे.

तिच्या खोलीत गेलो, पहिल्यांदा. पोती गरमच आहेत. हात ठेवला तर — ऊब, जनावरासारखी. मोठ्याने म्हटलं, मुटिंडाचा शब्द आला आहे. खोटं बोललो, शिंगासमोर. मग ओढायला लागलो. पहिलं पोतं उंबऱ्यावर अडकलं. तिथेच बसलोय. पोट असं टणक झालंय की वाकता येत नाही. आत्ता झालं की आधीच होतं, शपथेने की मक्याने, मला नाही कळत. आता कळून काय करायचं?

पोती गाडीवर चढवायला मुएनीचा मावसभाऊ येतोय. बैलांचा आवाज आला. चांगला मका सरळ दवाखान्यात नेऊन दे, घरी आणू नको, असं त्याला सांगणार आहे. वहीही त्याच्याकडेच देतो, तो कंडक्टरला देईल.

मुटिंडा, शब्द पाठव. एवढंच लिही की बाबा, ने, मी सांगितलं होतं. उशिरा आला तरी चालेल, पण पाठव, माझ्यासाठी नाही, तिचाही हात आहे त्या शिंगावर, आणि हा नवा मका ती खाणार, तो त्याच मक्याच्या बदल्यात आलेला, मग त्यालाही शपथ लागते का, हे मला कुणी सांगत नाही — लवकर कळव, ती जेवायच्या आत कळ