बस्त्याची गादी

मी, नंदाबाई रामराव बंडेवार, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार महागाव, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे लिहून ठेवते. याआधी असा कोणताही लेख मी केलेला नाही. मला कोणी पढवलेले नाही. तेवढी हिंमत या घरात कोणाची नाही.

१. बंडेवार वस्तुभांडार माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, १९३४ साली एका खोलीत काढले. आज खाली भांडी, चपला, वह्या-पुस्तके आणि वर कापड असे दोन मजले आहेत. पाळण्याच्या दोरीपासून शेवटच्या कापडापर्यंत सगळे एका छपराखाली मिळते. यजमानांच्या पश्चात माझ्याकडे आलेला अर्धा हिस्सा मुलगा नंदकिशोर यास द्यावा. दुसरा अर्धा धाकट्या दिरांचा आहेच. नंदकिशोरने दुकानाला काचेचे दार बसवू नये. खेड्यावरच्या बाया चपला काढून आत येतात, त्या दारातच बिचकतील.

२. माझ्या पाटल्या सुनेला. अंजिरी पैठणी घरात कोणालाही द्यावी, फक्त माझी धाकटी जाऊ हंसाबाई हिला देऊ नये. तिला ती शोभेल, म्हणूनच.

३. वरच्या मजल्यावर खिडकीजवळची गादी लग्नाच्या बस्त्याची. नवरीचा शालू ज्या हाताने उलगडला जातो, त्या हाताचा गुण संसाराला लागतो, असे आमचे गिऱ्हाईक मानते. लग्न होऊन आल्यावर आठ वर्षे ते शालू मी उलगडले, कोणाची तक्रार नव्हती. मग हंसा या घरात आली आणि दुसऱ्याच हंगामात बाया जिना चढता चढता तिची चौकशी करू लागल्या. ती नाही म्हटले, की पाणी पिऊन वाट पाहत बसत. रंग टिकेल की जाईल, हे मी नुसत्या बोटाने सांगते. तिला काय येते? हसता येते. चाळीस वर्षे मी तिच्यावर जळत आले, हे इथे स्पष्ट लिहिते.

४. कापसाचा भाव पडल्यापासून बस्ते आटले. मानपानाची लुगडी बंद झाली, नवरा-नवरीचे तेवढे कपडे उरले. २००५ च्या वैशाखात एकच मोठा बस्ता आला, ढाणकीचा. नवरीच्या आईने जिन्यापाशीच हंसाची चौकशी केली. मी सांगितले, तिचे वडील वारले, तिला तीन दिवसांचे सुतक आहे, तिचा हात शालूला चालायचा नाही. तिचे वडील तेव्हा पुसदला धडधाकट होते. शालू मी उलगडला. त्या दिवसापासून तीन दिवस हंसा मागच्या घरातून दुकानात आली नाही. डोके दुखते म्हणाली. मला बरेच वाटले.

तिचे वडील पुढे दर दिवाळीला अनारसे घेऊन येत आणि डबा लेकीच्या आधी माझ्या हातात देत. मी त्यांच्या पाया पडत असे. अनारसे मात्र कधी घशाखाली उतरले नाहीत.

५. गेल्या पौषात ते खरेच गेले. पुसदहून हंसा दुसऱ्या दिवशी परतली, तशी थेट गादीकडे निघाली. मी तिला तीन दिवस बसू नकोस म्हणाले. साडीची घडी घालता घालता ती म्हणाली, "बाई, ते तीन दिवस त मी मांगंच पाळले. तुमी ढाणकीवाल्यांले सांगून राह्यल्या होत्या, तवा मी शालूचा गठ्ठा घेऊन तुमच्या पाठीशीच दाराआड उभी होती."

मग तेव्हाच का बोलली नाहीस, असे मी विचारले.

"गिऱ्हाइकासमोर मोठ्या जावेले खोटी पाडू काय?"

तेव्हापासून मला धड झोप नाही. खोटे बोलले मी, आणि ते झाकून मोठी ठरली तीच. मला याचाही हेवा वाटतो.

६. म्हणून बस्त्याची गादी आणि कापड मोजायचा माझा पितळी गज हंसाबाईस देते. ती आहे तोवर नंदकिशोरने तिला तिथून उठवू नये. पैठणीबद्दल वर लिहिले आहे ते कायम.

७. दुकानातला गडी उकंडा आमच्याकडे बत्तीस वर्षे आहे. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून यजमानांचे घड्याळ त्याला कालच देऊन टाकले.

८. माझ्यामागे घराने दहा दिवसांचे सुतक रीतीप्रमाणे पाळावे. हंसाने पाळू नये. माझ्या खोट्यापायी तिने जिवंत बापाचे सुतक पाळले आहे. मला नेल्यावर तिने अंघोळ करून गादीवर बसावे आणि बस्ता आला तर शालू उलगडावा. घरात सुतक असताना ही कशी बसली, असे कोणी विचारले तर हंसाने काही बोलू नये. नंदकिशोरने गिऱ्हाइकासमोर हा कागद काढावा आणि चौथे कलम मोठ्याने वाचावे.

सही: नंदाबाई रामराव बंडेवार

वरील मजकूर नंदाबाईंनी स्वतः वाचून आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार:
१. उकंडा सोमाजी पेंदोर
२. मैत्रेयी धम्मदीप खोब्रागडे, शिक्षिका

ठिकाण: महागाव
दिनांक: १९ एप्रिल २००८