ज्येष्ठ गट : तक्रारी शून्य

सोमवार, ३ मार्च
दवाखान्याचं नवं बोलतं ॲप. डॉक्टरची वेळ हवी तर ॲपशी बोलायचं. एक एप्रिलपासून दवाखान्याचा फोन बंद. सगळ्या प्रकारच्या माणसांचं बोलणं त्याला समजतं का, हे तपासायचं काम माझ्याकडे. मॅनेजरबाई म्हणाल्या, एकही गट सुटता कामा नये. म्हटलं, माझ्यावर सोडा. संकल्प : दोन आठवड्यांत रिपोर्ट. मग टीम लीड कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

बुधवार, ५ मार्च
ज्येष्ठ गटाला दहा माणसं हवीत. कुठे शोधत बसू? घरात बाबा आहेत. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून त्यांची जीभ जड झालीय, म्हणजे अडखळत बोलणाऱ्यांचा गटही त्यांच्यातच उरकेल.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी ७.१०
बाबा ॲपला म्हणाले, डॉक्टरची वेळ हवी. ॲप म्हणालं, समजलं नाही, पुन्हा बोला. असं अकरा वेळा. हिला पहिल्याच खेपेला समजलं, तेही स्वयंपाकघरातून. पण बायकोला विचारलंय कोणी? ॲप ठीक आहे. बाबांचा सराव कमी पडतो. उद्यापासून रोज वीस मिनिटं.

मंगळवार, ११ मार्च
सराव. बाबा घामाघूम. मी घड्याळ लावून बसलो, शिस्त नको? ही म्हणाली, पुरे आता, माणूस आहेत ते. तिला समजावलं की हा डेटा आहे. दिवसभर बोलली नाही. शांततेत बरंच काम झालं.

शुक्रवार, १४ मार्च
ॲप समोर धरलं. बाबा बोललेच नाहीत, खिडकीकडे बघत राहिले. जेवतानाही माझ्याशी गप्प. वाईट वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. फॉर्ममध्ये 'बोलले नाहीत' असा रकानाच नाही. मग तक्रारींच्या रकान्यात शून्य टाकलं.

सोमवार, १७ मार्च
रिपोर्ट दिला. मॅनेजरबाई खूश. टीम लीड झालो. विशेष आनंद झाला नाही. सवय नसावी.

मंगळवार, १ एप्रिल
ॲप सुरू, फोन बंद. ही दवाखान्यात तासभर उभी राहून बाबांची वेळ घेऊन आली.

संध्याकाळी बाबांशेजारी बसलो. विचारलं, माझ्यावर रागावलात का? अठरा दिवसांनी ते माझ्याशी बोलले. अडखळत, पण शब्दन् शब्द कळला. म्हणाले, समजलं नाही, पुन्हा बोला.

पुन्हा विचारलं. अकरा वेळा.