एकेचाळीस नंबरचा जोड

१४ सप्टेंबर
कारातोबे

सायलाउ, कुर्दासा,

तुझी मेंढरं, तुझी घोडी, तुझी बायको आणि तू, सगळे याच क्रमाने ठीक असाल असं धरून चालतो. इकडे माझ्या कुल्याशचे गुडघे दुखतात आणि त्याचा दोष ती मला देते. म्हणजे घरचं सगळं नेहमीसारखं आहे.

अकरा वर्षांतलं हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना तू उत्तर दिलं नाहीस. टपाल खातं वाईट आहे हे मान्य, पण इतकंही नाही. एका वर्षी जन्मलेल्या कुर्दासांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही, ही आपली रीत. तू तर बोलतच नाहीस. हे रीतीत बसतं का, ते कुणा म्हाताऱ्याला विचारायला हवं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पुन्हा कागदच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मी अजून त्याच कॉलेजात वेल्डिंग शिकवतो. यंदाच्या तुकडीत सोळा पोरं आणि एक मुलगी आहे. नाव अकमाराल, वय एकोणीस. अर्जावर तुझा जिल्हा. तुमच्या जिल्ह्यात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, तरी माणसंही थोडीफार असणारच, म्हणून मी काही बोललो नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांचे रॉड पत्र्याला चिकटतात. ते ओढून काढताना पोरांचे चेहरे बघणं हा या नोकरीतला एकमेव आनंद. हिचा रॉड चिकटला नाही. काच खाली घेतली, ठिणगी पाडली, आणि वीतभर जोड असा ओढला की मी चहाचा कप तसाच हातात धरून उभा राहिलो.

"कुठे शिकलीस?"

"घरी. फाटकं जोडायची असतात, चुली असतात."

"शिकवलं कोणी?"

"मामांनी."

"मामा काय करतात?"

"मेंढ्या राखतात, उस्ताद."

मी हातोडीने खपली उडवली आणि जोडाचं टोक पाहिलं. सगळे जण टोकाला आले की रॉड उचलतात. हिने उचलला नव्हता. बोटभर मागे वळून, खड्डा भरून, वर एक थेंब बसवला होता. असा शेवट करणारा माणूस उभ्या जन्मात मी एकच पाहिला. त्याच्या शेजारी बसून सोळा वर्षं काम केलं.

तेव्हा सरळ सांग. ती तुझ्या धाकट्या बहिणीची मुलगी ना? आणि तिला इथे कशाला धाडलंस? शिकायला म्हणशील, तर ते तिला येतं. तालुक्याला कॉलेज नाही म्हणशील, तर आहे. मी नकाशात पाहिलं. मग काय बघायला पाठवलंस?

ती काही विचारत नाही, हे मला जास्त खुपतं. बाकीची पोरं दिवसभर प्रश्न विचारून डोकं उठवतात. ही नुसती माझ्या हातांकडे बघते.

उत्तर दे. दोन ओळी चालतील. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा
ओराझगाली


६ ऑक्टोबर
कारातोबे

सायलाउ,

पार्सल पोचलं. किलोभर कुर्त, दह्याचे ते वाळवलेले गोळे, आणि घोड्याच्या मांसाची एक कझी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चिठ्ठी नाही.

मी वर्तमानपत्र दिव्यापाशी धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. कुठे खूण केली आहेस का, एखादं अक्षर अधोरेखित केलंस का. एका बाजूला लोकरीच्या खरेदीची बातमी, दुसऱ्या बाजूला हरवलेल्या उंटाची जाहिरात. उंटाच्या जाहिरातीवर मी बराच वेळ घालवला.

कुल्याश म्हणाली, "माणसाने खायला पाठवलंय. खायचं असतं ते. तू काय पोलिसात आहेस?"

"अकरा वर्षांत त्याने कधी काही पाठवलं नाही. आत्ताच का?"

"तू कधी काय पाठवलंस?"

या बाईला प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. ती उत्तरं देते. मग तिने कझीचा तुकडा कापून माझ्यासमोर खाल्ला, विष नाही हे सिद्ध करायला. कुर्त मात्र चांगला आहे, खारट, दगडासारखा. पूर्वी तुझी आई करायची तसा.

आता कपाटाबद्दल. मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, लिहिलं नाही.

वर्कशॉपमध्ये दारापाशी काचेचं कपाट आहे. त्यात पाइपचा एक कापलेला तुकडा ठेवलाय. गरम पाण्याच्या मुख्य लाइनचा, अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत फुटलेल्या जोडाचा. चौकशी संपल्यावर समितीने तो कॉलेजला दिला, पोरांना दाखवायला. जोडाच्या बाजूला पोलादी पंचाने ठोकलेला वेल्डरचा नंबर स्पष्ट दिसतो. एकेचाळीस. तुझा.

दर वर्षी नव्या तुकडीला मी तो हातात देतो आणि सांगतो: हा निष्काळजी माणसाचा जोड. बाहेर उणे छत्तीस असताना हा फुटला. नऊ इमारती दोन दिवस गारठल्या, लोक कोट घालून झोपले, आणि ज्याचा नंबर त्याचा परवाना गेला. म्हणून नंबर ठोकण्याआधी विचार करा. दहा तुकड्या मी हे ऐकवलं. पोरं गंभीर होतात. मला ते भाषण चांगलं जमतं.

यंदाही ऐकवलं. तुकडा हातोहात फिरत अकमारालपाशी गेला. तिने तो खिडकीकडे नेला, उजेडात फिरवला, जोडाच्या टोकावर अंगठा ठेवला. नंबरावरूनही फिरवला.

"हा जोड एकेचाळीस नंबरवाल्याने केलेला नाही, उस्ताद."

पोरं हसली. एकजण म्हणाला, "घ्या, आता ही पाइपचा हात बघून भविष्य सांगणार."

मी म्हटलं, "नंबर तर त्याचाच आहे ना?"

"नंबर त्याचा आहे. हात त्याचा नाही. तो टोकाला मागे वळतो. हा वळला नाही, रॉड उचलून डावीकडे शेपूट सोडलंय."

तिने तुकडा परत कपाटात ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. ती बसते त्या जागेच्या वर, भिंतीवर, माझे नमुन्याचे जोड टांगलेले आहेत, चौदा पट्ट्या. त्यांची शेपटं कुठल्या बाजूला आहेत, ते तुला सांगायला नको.

आता मला सांग, हे एकोणीस वर्षांच्या मुलीला आपोआप सुचतं? की तू तिथे चुलीपाशी बसून तिला पढवलंस, की जा, कपाट उघड, आणि पंधरा-वीस जणांसमोर बोल? शहाणपणाने केलं असशील तर मानलं तुला. एवढा धूर्त तू कधीच नव्हतास, म्हणून विचारतो.

तिची परीक्षा नोव्हेंबरात आहे. पास झाली तर तिला स्वतःचा नंबर मिळेल, नापास झाली तर एक वर्ष गावी. समितीत तिघे आहेत. त्यातला एक मी. हे तुला माहीत असेलच. तुला बरंच माहीत असतं आणि तू बोलत नाहीस.

ओराझगाली


१८ नोव्हेंबर
कारातोबे

सायलाउ,

आज गुरं-ढोरं विचारत नाही. हे पत्र उभ्याने लिहितोय, वर्कबेंचवर. बसलो तर फाडून टाकीन.

काल परीक्षा झाली. प्रत्येकाला पाइपचा एक जोड आणि रॉडचं एक पाकीट. पाकिटं मी वाटतो. परवा तिचं पाकीट मी रॉड सुके ठेवायच्या भट्टीतून काढून वॉशरूममध्ये ठेवलं, गळक्या नळाखाली जी फळी आहे तिच्यावर, आणि काल तिच्या हातात दिलं. ओल्या रॉडचा जोड वरून छान दिसतो, आत बुडबुडे राहतात. एक्स-रेमध्ये ते दिसले असते, ती गावी गेली असती, आणि कुणी काही म्हटलं नसतं. मी काय केलं ते नीट वाच. कुर्दासाला सांगतोय म्हणून हसण्यावारी नेऊ नको.

तिने पाकीट फोडलं. दोन रॉड काढले, कानाशी धरून एकमेकांवर वाजवले. सुके रॉड काचेसारखे वाजतात. हे लाकडासारखे वाजले.

"ओले आहेत, उस्ताद."

समितीची बाई म्हणाली, "वेळ सुरू झालाय तुमचा. सुरू करा."

"भाजून घेते. वेळ कमी पडला तरी चालेल."

रॉड भट्टीत टाकून ती स्टुलावर बसून राहिली. बाकीच्यांचे अर्धे जोड झाले. शेवटी मी जवळ गेलो.

"हे कोणी शिकवलं?"

"मामांनी. म्हणाले, ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी आधी रॉड वाजवून बघ. त्यांचा एक मित्र एकदा न वाजवता खड्ड्यात उतरला होता."

"मित्र म्हणाले?"

"हो."

"त्यांनीच पाठवलं तुला इथे?"

"नाही. आई नको म्हणत होती. मामांना विचारलं, तर म्हणाले, शिकवणारा तिथे एकच चांगला आहे. त्याचे हात बघ, बोलण्याकडे लक्ष देऊ नको."

हे वाक्यही मी घरी नेऊन सगळीकडून ठोकून पाहिलं, सायलाउ. पोकळ वाजलं नाही.

तुला ओले रॉड माहीत होते. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. चौकशीत तू टेबलापलीकडे बसला होतास आणि मी दाराशी. त्यांनी विचारलं, नंबर तुमचाच का? तू म्हणालास, माझाच. मग माझ्याकडे पाहिलंस. मी टोपीवरचा बर्फ झटकला. त्या खोलीत बर्फ नव्हता.

आता ते लिहितो, जे मी आधीच्या पाच पत्रांत लिहिलं नाही. ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात तुझी आई गेली. तिच्या कबरीवर मूठभर माती टाकायला तुला जायचं होतं आणि मुकादम रजा देत नव्हता. तू तुझा नंबराचा पंच माझ्या हातात दिलास. मी म्हटलं, जा, तुझे अकरा जोड मी करतो, कुणाला कळणार नाही. दहा चांगले केले. अकराव्याच्या वेळी पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होते, रॉडचं पोतं चिखलात पडलं होतं, आणि मला घरी जायचं होतं. वाजवून पाहिले नाहीत. तुझा नंबर ठोकला आणि वर आलो.

मी खरं बोललो असतो, तर दोघांचेही परवाने गेले असते. हे मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. तू खरं बोलला असतास तर फक्त माझा गेला असता, कारण तू तिथे नव्हतास याला तुझ्या गावचं अख्खं औल साक्षीला होतं. तू बोलला नाहीस. का, ते विचारण्याची माझी लायकी नाही. मी उलट तुझ्यावरच संशय घेतला. ते सोपं होतं.

आज सकाळी प्राचार्यबाईंना लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, अकरा वर्षांत इतकी बरी नव्हती. हीटिंग कंपनीलाही एक प्रत गेली. मला शिकवू देतील की नाही माहीत नाही. कुल्याश म्हणाली, "इतका उशीर का?" आणि चहा ओतला.

मग कपाट उघडलं. ग्राइंडर लावून एकेचाळीस घासून काढला. त्या जागी सतरा ठोकला, माझा. आता दाखवायला तो तुकडा खरा झाला.

अकमारालच्या जोडाचा एक्स-रे आला. स्वच्छ. मी सही केली नाही. तिच्या जोडावर सही करायचा हक्क परवा त्या फळीवर ठेवून आलो. बाकी दोघांनी केली, तेवढ्या पुरतात. नंबर कुठला हवा विचारलं तर म्हणाली, एकेचाळीस. कारकून म्हणाला, तो डागाळलेला आहे, दुसरा घे. माझा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, डाग कुणाचा ते यात आहे. सोमवारी पंच मिळेल तिला.

तू उत्तर देऊ नको. आता तुझ्या उत्तराची वाट बघणं म्हणजे तुलाच कामाला लावणं.

खाली नाव लिहीत नाही. कागदाखाली शिशाची पट्टी ठेवून पंच ठोकतोय. शाई नाही, तेव्हा दिसणार नाही. कागद उलटा कर आणि अंगठ्याने चाचपून बघ. या वेळी ज्याचा हात आहे, त्याचाच नंबर आहे.